गाडीतला अडचणीचा माणूस

ताई कोणाच्याही घरी गेल्या की पहिला प्रश्न एकच विचारायच्या, "कालचं काय उरलंय?"

घरात त्यांच्यासाठी तयारी झालेली असायची. चिवडा, बाकरवडी, ठेवणीतल्या कपबशा. ताई त्या ताटलीकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. कालची पोळी असेल तर कुस्करून द्या म्हणायच्या, भात असेल तर फोडणीला टाका. घरची बाई आधी संकोचायची, मग निमूटपणे आत जायची, आणि तिच्या मागोमाग ताई. थोड्या वेळाने बघावं तर ताई ओट्याला टेकून उभ्या आणि नवरा-बायको त्यांच्यादेखत मोहरी करपली की नाही यावर हमरीतुमरीवर आलेले. एवढं झालं की ताईंचं काम झालं. जिना उतरताना मला म्हणायच्या, "पाहुण्यासमोर माणूस स्वतःच पाहुणा होऊन बसतो. शिळं वाढायला लागला की मग कळतो."

हे काम म्हणजे सहली काढायचं काम. नारायण पेठेत एका छत्रीदुरुस्तीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. वर्षाला मोजक्याच सहली, गाडीत मोजकीच माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. ताई स्वतः सत्तरीच्या उंबरठ्यावर, पण ऐंशीचे आजोबाही त्यांना ताईच म्हणत. सुती साडी, त्याखाली कॅनव्हासचे बूट, खांद्याला शाळकरी पोराचं असावं तसं दप्तर. लग्न केलं नव्हतं. का, असं एकदा एका बाईंनी विचारलं, तर म्हणाल्या, "दोघांचा ग्रुप मला जमवता येत नाही. फारच कमी माणसं होतात."

मी अमरावतीकडचा. शिकायला पुण्यात आलो आणि आयटीत चिकटलो. आमची टीम जे काम महिनोन्महिने करायची ते सॉफ्टवेअर आपलं आपण करायला लागलं, तेव्हा कंपनीने आमचे आभार मानले आणि आम्हाला घरी पाठवलं. त्यानंतर गंमत अशी झाली, की तेच सॉफ्टवेअर शेजारच्या कंपनीने घेतलं, तिच्या शेजारच्या कंपनीनेही घेतलं, आणि आम्हाला काढून पुढे गेलेली आमची कंपनी पुन्हा सगळ्यांच्या बरोबरीला येऊन उभी राहिली. मला त्यात काडीचंही समाधान वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

नोकरी गेल्यावर मी एक उद्योग सुरू केला. छोट्या धंदेवाल्यांकडे जायचं आणि त्यांना एआय विकायचं. असाच ताईंचा जिना चढलो. लॅपटॉप उघडला, म्हटलं, कुठलीही सहल सांगा. त्यांनी राजस्थान सांगितलं, आठ दिवस, सगळे ज्येष्ठ नागरिक, दोघांना मधुमेह. त्यांचा चहा निवायच्या आत आराखडा तयार झाला. गाड्या, हॉटेलं, जेवणाच्या वेळा, पायऱ्या कुठे जास्त आहेत, दवाखाना कुठे आहे, सगळं. ताईंनी चष्मा पुसला आणि तो आराखडा शेवटपर्यंत वाचला. मला वाटलं, आता खोड काढणार. पुण्यात इतकी वर्षं काढल्यावर माणसाला त्याची सवय होते.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा चांगलं आहे. जोधपूरला मी दुपार फुकट घालवते, ती यांनी वाचवली. हे बाकीच्यांकडेही आहे ना?"

मी म्हटलं, हो, म्हणजे कोणालाही मिळतं.

"मग हे कोणाकडेच नाही असं समजा आणि बोला. आता धंदा कशावर करायचा?"

इतक्या वर्षांत साहेब लोकांच्या मीटिंगा ऐकल्या, रंगीत चित्रं बघितली, भविष्याबद्दल तासन्तास बोलणारी माणसं बघितली. हा एवढा साधा प्रश्न त्यातल्या एकाही खोलीत कोणी विचारला नव्हता. मी लॅपटॉप मिटला. ताईंनी ते बघितलं आणि मला विचारलं, तुमच्या घरी कोण कोण असतं. पुढच्या सोमवारपासून मी त्यांच्याकडे कामाला होतो. आराखड्यांचं काम अर्थातच लॅपटॉप करायचा. मी त्यांच्याबरोबर लोकांच्या घरी शिळं खायला जायचो.

पहिल्याच महिन्यात त्यांनी एक गोष्ट केली आणि आळीतल्या लोकांना वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. येत्या वर्षातल्या सगळ्या सहलींचे आराखडे छापून घेतले आणि जिन्याखाली टांगून ठेवले. वर चार शब्द, "फुकट आहे, घेऊन जा." हॉटेलांची नावं, वाटेतली स्वच्छ स्वच्छतागृहं, कुठल्या गाईडला घेऊ नये हेसुद्धा. दुसऱ्या एका सहलवाल्याचा माणूस येऊन सगळ्या प्रती घेऊन गेला. मी चिडलो. ताई म्हणाल्या, अजून छापा. मग म्हणाल्या, मीठ सगळ्यांच्या घरात असतं, म्हणून कोणी कोणाच्या मिठाचं कौतुक करत नाही, आमटी कोणाची चांगली होते ते बघतात. मिठाचं दुकान मांडून बसणाऱ्याने रडू नये.

आमटी म्हणजे माणसं. कोणत्या गाडीत कोण, कोणाशेजारी कोण, हेच त्यांच्या लेखी खरं काम, आणि त्यासाठीच ते घरोघर फिरणं. त्यात त्या भल्याभल्यांना नाही म्हणायच्या. पैसे हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला, तोंडावर. बँकेतून निवृत्त झालेले एक मॅनेजर होते. त्यांना म्हणाल्या, "आपण समोरच्याचं वाक्य दुरुस्त करता. आपल्याला मी नेईन, पण दोन-तीन कमी ऐकू येणारी माणसं मिळू द्यात." ते गृहस्थ तणतणत गेले. पुढच्या वर्षी तेच पुन्हा आले आणि विचारू लागले, कमी ऐकू येणारे मिळाले का. मिळाले होते. त्या सहलीचे फोटो त्यांनी अजून हॉलमध्ये लावलेले आहेत.

चुकायच्याही. एकदा त्यांनी दोन जोडपी एकत्र घातली, दोन्ही सुशिक्षित, मितभाषी, अत्यंत सभ्य. एकाच गल्लीत आयुष्य गेलेलं, पण ओळख करून द्यायला कोणी तिसरं भेटलं नाही म्हणून एकमेकांशी कधी बोललेले नाहीत. ताईंना वाटलं, सहलीत बोलतील. कसचं काय. चौघं एकाच टेबलावर रोज जेवले आणि समोरच्याने सुरुवात करावी म्हणून परत येईपर्यंत वाट बघत राहिले. असं फक्त आमच्या पुण्यातच होऊ शकतं, म्हणजे तुमच्या पुण्यात. परत आल्यावर ताई दोन्ही घरी गेल्या. "माझं चुकलं" एवढंच म्हणाल्या, कारणं दिली नाहीत. मग चौघांनाही आपल्या घरी फोडणीच्या पोळीला बोलावलं आणि स्वतः मध्ये बसून ओळख करून दिली. त्यातल्या एका काकूंना दुसऱ्या काकूंनी पुढे दवाखान्यात रात्रंदिवस सोबत केली. पण ते नंतर. त्या वेळी मला नवल वाटलं ते एवढंच, की धंदा करणारी बाई ग्राहकाच्या दारात जाऊन, कोणी बोलावलेलं नसताना, आपली चूक सांगते.

मधली दोन वर्षं वाईट गेली. लोक मोबाइलवर सहली ठरवू लागले आणि त्या उत्तम ठरू लागल्या. आमच्या खोल्यांमध्ये खालच्या छत्रीवाल्याची ठोकाठोक तेवढी ऐकू यायची. मी ताईंना म्हटलं, निदान आपण ॲप काढू. त्या म्हणाल्या, काढा, पण त्यात आपलं काय असेल तेवढं आधी मला सांगा. पुन्हा तोच प्रश्न. ॲप राहूनच गेलं. मग हळूहळू माणसं येऊ लागली. त्यांच्या सहली बिघडल्या होत्या असं मुळीच नाही, सगळं वेळेवर झालं होतं. एक आजी म्हणाल्या, "अहो, सूर्यास्तसुद्धा बरोबर दिसला. पण बघा बघा म्हणायला शेजारी कोणी नव्हतं." ताईंनी त्या वर्षी दर वाढवला. लोकांनी कुरकुर केली आणि भरला.

आता बाबांबद्दल सांगायला हवं.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. परतवाडा, दर्यापूर, अचलपूर, सगळी हयात त्याच रस्त्यांवर. आई गेली तेव्हा मी त्यांना कात्रजला माझ्या फ्लॅटवर घेऊन आलो. आल्यापासून त्यांचं बोलणं आटत गेलं. आईचं नाव तर त्यांनी एकदाही घेतलं नाही. खिडकीपाशी बसायचे, पण खिडकीबाहेर बघायचे नाहीत. जेवण निम्म्यावर आलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि शरीरात काही दोष नाही म्हणाले. मला कळत होतं की बाबा माझ्या डोळ्यांसमोर विझत चाललेत, आणि मला भीती वाटत होती. घरी परत जाता-जाता रोज वाटायचं, आज दार उघडायला येतील का.

मी ताईंना म्हटलं, बाबांना कुठल्या तरी सहलीला घ्या. ताई कात्रजला आल्या. कालचं काय उरलंय विचारलं, तर आमच्याकडे काही उरलेलं नव्हतं, डबा येत असे. तशाच बसल्या. बाबा एक अक्षर बोलले नाहीत. तासाभराने ताई गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या, बाबा त्यांना जिन्यापर्यंत सोडून आले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ताई म्हणाल्या, "आत्ता नाही."

मला राग आला. घरच्या माणसासारखं राबतो आणि माझ्याच बापाला नाही? मी तिरीमिरीत लॅपटॉप उघडला आणि सगळं त्याला सांगितलं. वय, स्वभाव, आईचं जाणं, न बोलणं. त्याने इतकी समजूतदार सहल आखून दिली की मी त्याच बैठकीत बुकिंग केलं. महाबळेश्वर, शांत जागा, मऊ जेवण, सकाळी थोडं चालणं. मी बाबांना घेऊन गेलो. त्या आराखड्यात कुठेही चूक नव्हती. हॉटेलच्या पोरांनी त्यांना तळहाताच्या फोडासारखं जपलं. खुर्ची कोणीतरी ओढून द्यायचं, पाणी कोणीतरी भरून द्यायचं, चष्मा मी पुसून द्यायचो. बाबा पलंगावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "घरी चाल." त्या सहलीतलं त्यांचं ते सर्वांत लांब वाक्य.

ताईंना पुन्हा विचारलं. पुन्हा "आत्ता नाही."

त्याच सुमारास एका बड्या प्रवास कंपनीचा माणूस आला. तरुण, हसतमुख, बोलायला चांगला. त्याच्या कंपनीला ताईंचा धंदा विकत हवा होता. आराखडे त्यांच्याकडे होतेच. त्यांना हवी होती ती ताईंची रीत. कोणाला कोणाशेजारी बसवता, कोणाला नाही म्हणता, हे सगळं ताईंनी सांगायचं, मशीन ते शिकणार, आणि मग देशभर कुठेही तसे ग्रुप जमणार. रक्कम ऐकून मी खुर्चीची कड धरली. ताईंनी त्याला हसून वगैरे वाटेला लावलं नाही. नीट ऐकून घेतलं, म्हणाल्या, जमेलही तुम्हाला, का जमू नये. पण जमलं की तेही सगळ्यांकडे असेल, मग काय कराल? तो म्हणाला, ताई, तोपर्यंत आपण पुढे गेलेलो असू. मग त्याने मुद्द्याचं विचारलं. तुमच्याकडे नोंदी नाहीत, ऑफिस भाड्याचं, माणूस हा एकच. मग तुमची खरी मालमत्ता आहे तरी काय?

"लोक मला शिळं वाढतात," ताई म्हणाल्या. "हे मी तुम्हाला कसं विकू?"

तो हसला. त्याला ते पुणेरी तिरकस उत्तर वाटलं असावं. मला मात्र ते शब्दशः खरं आहे हे कळलं, कारण मी ती स्वयंपाकघरं बघितली होती. पैसे देणाऱ्यासमोर लोक सजून बसतात आणि पैसे घेणाऱ्यासमोर सावध होतात. ताईंसमोर लोक करपलेली मोहरी घेऊन भांडत. अशी जागा माणसाला किती वर्षांनी मिळते आणि एका खोट्याने किती लवकर जाते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा लख्ख दिसलं. आराखडा फुकट झाला, उद्या जोड्या जुळवणंही फुकट होईल, पण कोणाला दारातून आत घ्यायचं हे माणूस काही फुकटात ठरवत नाही. ताईंना हे मशीन येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं, आणि त्यांनी ते कधी भाषण करून सांगितलं नाही.

त्यांची एक रीत मात्र मला तोवर उमगलेली नव्हती. प्रत्येक गाडीत त्या एक तरी अडचणीचा माणूस घ्यायच्या. कोणी पाय ओढत चालणारा, कोणी सारखा चष्मा हरवणारा, कोणी बसमध्ये मळमळणारी. इतर सहलवाले अशांना गोड बोलून टाळतात. आमचा लॅपटॉप तर असं नाव दिसलं की सौम्य शब्दांत धोक्याची सूचना द्यायचा. मी एकदा म्हटलं, ताई, यांच्यामुळे सगळ्यांना थांबावं लागतं. त्या म्हणाल्या, "त्यासाठीच घेतलेत. ज्या गाडीला कोणासाठी थांबावं लागत नाही, तिच्यातली माणसं दुसऱ्या दिवसापासून चहा गार आहे म्हणून भांडतात."

बाबांना नकार देऊन वर्ष होत आलं, आणि एका सकाळी ताई रास्ता पेठेत एका घरी गेल्या. मी बरोबर होतो. तिथले काका पूर्वी छापखाना चालवायचे, आता विसरायला लागले होते. जुनं सगळं आठवायचं, पण आत्ताचं हातातून निसटायचं. बसमध्ये बसले की दर दोन मिनिटांनी विचारायचे, "आता कुठलं गाव आलं?" उत्तर दिलं की मान डोलवायचे आणि पुन्हा विचारायचे. काकूंनी फोडणीचा भात आमच्यापुढे ठेवला आणि ठेवता-ठेवताच रडल्या. म्हणाल्या, मुलगा परदेशात, कुठला सहलवाला आम्हाला घेत नाही, आणि खरं सांगू का ताई, मलाच आता उत्तर द्यायचा कंटाळा येतो हो. मग स्वतःच्याच बोलण्याने दचकल्या. ताईंनी भात संपवला. जिन्यात मला म्हणाल्या, "आंबोलीची गाडी आहे पुढच्या आठवड्यात. वडिलांची बॅग भरा."

स्वारगेटहून सकाळी गाडी निघाली. बाबांना आणायला मला जवळजवळ ओढावं लागलं. "मले कायले नेतं?" एवढंच म्हणाले. ताईंनी त्यांना काकांशेजारी बसवलं, काकूंना उचलून मागे बायकांच्यात नेलं, आणि स्वतः ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. मला त्यांचा हिशेब कळला, आणि तो चुकणार असं वाटलं. बाबा उत्तर देणार नाहीत. काका विचारत राहतील, बाबा आणखी आत जातील, सगळी गाडी अवघडून बसेल.

कात्रजचा बोगदा मागे पडला आणि काकांनी विचारलं, "आता कुठलं गाव आलं?"

बाबा गप्प. काकांनी पुन्हा विचारलं. मागे काकू उठायला लागल्या, तर ताईंनी मागे न बघताच हाताने खूण केली, बसा. तिसऱ्यांदा काकांचा आवाज थोडा घाबरलेला आला. आपण कुठे आहोत हे ज्याला खरंच कळत नाही, त्याचा आवाज. आणि बाबांनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं.

त्यांना इथली गावं माहीत नव्हती. त्यांचा रस्ता वेगळा. त्यामुळे पाटी वाचणं भाग होतं. पाटी यायला थोडा वेळ लागला, तेवढा वेळ त्यांनी डोळे बाहेर लावून ठेवले. मग खाकरले.

"खेड शिवापूर," बाबा म्हणाले.

काकांनी मान डोलवली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. बाबांनी पुन्हा सांगितलं, तितक्याच शांतपणे, आधी कधी सांगितलंच नसल्यासारखं. त्यात कंटाळा नव्हता, दया नव्हती, उपकार तर नव्हतेच. हा प्रश्न त्यांना हयातभर रोज शेकडो माणसांनी विचारला होता आणि प्रत्येक माणसाने तो पहिल्यांदाच विचारला होता. शिरवळ आलं. खंबाटकीचा घाट आला. सुरूर आलं. हळूहळू बाबा प्रश्नाच्या आधीच सांगू लागले. भुईंजला तर ते उठून ड्रायव्हरपाशी गेले, पुढची गावं विचारून घेतली आणि परत येऊन काकांना म्हणाले, "आता पाचवड येईन, मंग सातारा. अजून टाइम हाये. तुमी निवांत बसा, मी हाओ ना." मागे काकू कोणाच्या तरी खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. किती दिवसांनी झोपल्या असतील कोण जाणे.

मी पुढे जाऊन ताईंशेजारी बसलो. माझे डोळे भरून आले होते, ते त्यांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं. त्या म्हणाल्या, तुमच्या घरून निघाले तेव्हा वडील जिन्यापर्यंत आले, आठवतं? माझे दोन्ही पाय पहिल्या पायरीवर पडेपर्यंत त्यांचा हात माझ्या कोपराखाली होता, लावलेला नाही, नुसता पुढे धरलेला. त्यांना सांभाळणारी गाडी नको होती, त्यांनी कोणाला तरी सांभाळावं अशी हवी होती. तो माणूस मिळायला वर्ष लागलं.

"आणि चुकलं असतं तर?"

"मला नक्की कुठे माहीत होतं? चुकलंच असतं तर मी होते ना गाडीत," ताई म्हणाल्या, आणि दप्तरातून गोळी काढून तोंडात टाकली.

त्या बाईंपुढे मला फार लहान वाटलं, आणि ते लहान वाटणं बरं वाटलं. इतकी वर्षं मी अचूक गोष्टी बनवणाऱ्यांमध्ये काढली होती. चुकलं तर मी इथे आहे, असं म्हणणारं त्यात कोणी भेटलं नव्हतं, आणि मीही कधी म्हटलं नव्हतं.

पुढचे दिवस बाबा आणि काका जोडीनेच होते. आंबोलीत धुक्यात काही दिसत नव्हतं तरी काका विचारायचे आणि बाबा सांगायचे. जेवताना बाबा काकांच्या ताटावर लक्ष ठेवायचे आणि त्या नादात स्वतः पोटभर जेवायचे. गाडीला त्या दोघांसाठी सारखं थांबावं लागायचं आणि एकानेही चहा गार असल्याची तक्रार केली नाही.

ताईंनी गेल्या वर्षी गुडघ्यांपुढे हात टेकले आणि त्या नाशिकला भाचीकडे राहायला गेल्या. ऑफिस मी चालवतो. लोकांच्या घरी जातो, कालचं काय उरलंय विचारतो. सगळीच घरं मला अजून शिळं वाढत नाहीत. काही ठिकाणी बाकरवडीवरच भागवावं लागतं.

पण मला सांगायचं होतं ते त्या परतीच्या संध्याकाळचं. स्वारगेटला गाडी थांबली. बाबा काकांना हात देऊन उतरवत होते आणि काका विचारत होते, आता कुठलं गाव आलं. "पुनं आलं, काका. तुमचं घर आलं. सावकाश उतरा, गाडी उभी हाये." काकूंनी बाबांना वाकून नमस्कार केला, बाबा संकोचून मागे सरले. ताई दप्तर सावरत रिक्षा बघायला निघूनही गेल्या होत्या.

आम्ही दोघं कात्रजची सिटी बस पकडली. गर्दी होती, पण बाबांना खिडकी मिळाली. सिग्नलला बस थांबली तेव्हा ते बाहेर बघतच म्हणाले, "तुह्या आईले कधी एसटीत फुकट नेलं नाही मी. कंडक्टरची बायको म्हणून सारे म्हणत, तिले कायले तिकीट. तरी ती घ्यायची. माह्याच हातून घ्यायची, पुढच्या सीटवर बसायची, आन् उतरेपर्यंत माह्याकडे पाहायचीबी नाही."

मग ते रडले. भर बसमध्ये, आई गेल्यानंतर पहिल्यांदा. मी त्यांचा हात धरला आणि आमचा स्टॉप येऊन गेला तरी उठलो नाही.